संत गोन्सालो गार्सिया : कृपा आणि प्रयत्न

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना विचारी वाचकाच्या मनांत एक प्रश्न हटकून उभा राहतो. ह्या पुरुषास जें थोरपण आलें तें त्याच्या स्वतःच्या प्रयत्नाचें फळ, कीं परमेश्वराच्या कृपेचें देणें? सर्व कांहीं प्रयत्नाचें फळ म्हणावें, तर त्याच्याइतकेच झटलेले दुसरे शेंकडों लोक मागें कां राहिले याचा उलगडा होत नाहीं. बरें, सर्व कांहीं कृपेचेंच म्हणावें, तर त्याच्या कष्टांस आणि निश्चयास किंमत ती काय उरली? आपल्या देशांत हा प्रश्न नवा नाहीं. दक्षिणेंतील वैष्णवांच्या दोन शाखांनीं तो वानरीच्या आणि मांजरीच्या पिलांच्या दृष्टांतानें मांडिला आहे. वानरीचें पिलूं आईच्या पोटास स्वतः घट्ट धरून राहतें; मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्याला तोंडांत धरून नेते. देहू-आळंदीच्या सान्निध्यांत वाढणाऱ्या आपल्या पिंपरी, चिंचवड, चाकण भागांतील मुलांना तर कृपा हा शब्द घरचाच आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेनेंही या प्रश्नाचा शतकानुशतकें विचार केला आहे, आणि तिचें उत्तर वरील दोन्ही दृष्टांतांहून कांहींसें निराळें आहे. तें नुसत्या सिद्धांतांतून समजण्यापेक्षां एखाद्या चरित्रांतून अधिक चांगलें समजतें. म्हणून आपल्याच कोंकण किनाऱ्यावर, वसई येथें जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र विद्यार्थी मित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें सादर करीत आहें.

वसईचें ठाणें इसवी सन १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादुरशहा याजकडून पोर्तुगिजांच्या ताब्यांत आलें. पुढें सुमारें दोनशें वर्षें, म्हणजे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या मराठी फौजांनीं तें जिंकून घेईपर्यंत, तेथें पोर्तुगिजांचा अंमल होता. तटबंदीच्या आंत चर्चें, मठ, विद्यालयें आणि श्रीमंतांचे वाडे उभे राहिले. त्या गांवांत १५५६ किंवा १५५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. त्याचा बाप पोर्तुगीज शिपाई होता आणि आई कोंकणांतील एतद्देशीय स्त्री होती. अशा मिश्र विवाहांच्या मुलांची त्या काळीं मोठी कुचंबणा होत असे. राज्यकर्त्यांच्या पंक्तीस तीं पूर्णपणें बसत नसत, आणि आईच्या आप्तांतही पूर्णपणें मिसळत नसत. परंतु या मुलास एक भाग्य लाभलें. वसईस येशूसंघी धर्मगुरूंचें विद्यालय होतें. तेथें त्याचें शिक्षण झालें. सेबास्तियन गोन्साल्विस नांवाच्या एका धर्मगुरूंचें त्या हुशार मुलाकडे लक्ष गेलें आणि त्यांचा त्याच्यावर लोभ जडला.

ज्या सुमारास हें मूल वसईस बाळपण कंठीत होतें, त्याच सुमारास दूर युरोपांत, उत्तर इटलींतील त्रेंत या शहरीं भरलेली ख्रिस्तसभेची महापरिषद् आपलें काम आटोपत होती. ही परिषद् १५४५ मध्यें सुरू झाली व मधून मधून खंड पडत १५६३ मध्यें संपली. कृपा आणि मानवी प्रयत्न यांविषयींची शिकवण तिनें १५४७ मध्यें निश्चित शब्दांत मांडिली. ती थोडक्यांत समजून घेतल्यास पुढील चरित्राचा अर्थ नीट लागेल.

मनुष्य अभ्यासानें कांहीं सद्गुण अंगीं बाणवूं शकतो. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार प्रधान सद्गुण प्राचीन ग्रीक व रोमन तत्त्वज्ञांसही ठाऊक होते. रोज थोडी थोडी तालीम केली असतां जसें शरीर कमावतां येतें, तसे हे गुणही कमावतां येतात. परंतु श्रद्धा, आशा आणि प्रीति हे तीन सद्गुण निराळ्या जातीचे होत. त्यांचा विषय प्रत्यक्ष परमेश्वर असल्यामुळें ते आपल्या बळावर कमावतां येत नाहींत. ते देवानेंच अंतःकरणांत घालावे लागतात. देवाच्या या फुकट देण्यास कृपा म्हणतात. पांचव्या शतकाच्या आरंभीं पेलाजियस नांवाचा एक तापसी असें शिकवूं लागला कीं, मनुष्याची इच्छाशक्ति स्वतःच्याच सामर्थ्यानें पुण्याचरण करण्यास पुरी पडते. उत्तर आफ्रिकेंतील बिशप संत अगस्तीन यांनीं या मताचें खंडण केलें. आणि ५२९ मध्यें फ्रान्समधील ओरांज येथील धर्मसभेनें ठरविलें कीं, देवाकडे वळण्याची पहिली इच्छासुद्धां कृपेनेंच उत्पन्न होते. त्रेंतच्या परिषदेनें हें तत्त्व कायम ठेवून दुसरी बाजूही तितक्याच ठामपणें सांगितली. कृपा पहिलें पाऊल टाकते. पण ती मनुष्यास दगडधोंड्याप्रमाणें ओढीत नेत नाहीं. मनुष्य तिला होकार देऊं शकतो, नकारही देऊं शकतो. आणि होकार दिल्यावर तिच्या साह्यानें घडलेलें सत्कर्म खरोखर त्याचेंही सत्कर्म असतें.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. लूव्हेन विद्यापीठांतील बायुस नांवाच्या पंडितानें असें मत मांडिलें होतें कीं, ज्यांस ख्रिस्ती श्रद्धा नाहीं त्यांचीं सर्वच कर्में पापरूप होत. १५६७ मध्यें पोप पांचवे पायस यांनीं हें मत त्याज्य ठरविलें. अर्थात् आपल्या परधर्मी शेजाऱ्याची सचोटी, दया व शौर्य हीं कॅथलिक शिकवणुकीप्रमाणें खरोखरच चांगलीं आहेत. त्यांची हेटाळणी करण्याचा अधिकार कोणासही नाहीं. कृपा ही मानवी सद्गुणांची वैरीण नव्हे. ती त्यांस उचलून अधिक उंच ठिकाणीं नेते, एवढेंच.

आतां चरित्राकडे वळूं. १५७२ मध्यें, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, गोन्सालोनें आपल्या गुरूंबरोबर वसई सोडली आणि जपानचा मार्ग धरला. त्या काळचा तो जलप्रवास म्हणजे प्राणांवर उदार होण्यासारखाच होता. जपानांत ख्रिस्ती धर्माचा आरंभ संत फ्रान्सिस झेवियर यांनीं १५४९ मध्यें कागोशिमा येथें पाय ठेवून केला होता, आणि तेव्हांपासून येशूसंघाचें काम तेथें वाढत होतें. तेथें पोंचल्यावर गोन्सालोच्या अंगचा एक विशेष गुण उघडकीस आला. मोठमोठ्या विद्वान् मिशनरींस वर्षानुवर्षें झगडूनही जी भाषा नीट साधत नसे, ती जपानी भाषा या कोंकणच्या मुलानें थोडक्या काळांत आत्मसात केली. ती तो इतकी सहज बोलूं लागला कीं, जपानी माणसें, विशेषतः मुलें, त्याच्याभोंवतीं जमूं लागलीं. सुमारें आठ वर्षें त्यानें धर्मशिक्षकाचें काम केलें: गांवोगांव हिंडणें, मुलांना प्रार्थना शिकविणें, धर्मगुरूंचा उपदेश लोकांना समजावून सांगणें, आजाऱ्यांची विचारपूस करणें. हे सर्व गुण खरे होते आणि त्यांच्या मागें कष्टही खरे होते.

त्याच्या मनांत एकच इच्छा होती. ज्या येशूसंघानें आपणांस वाढविलें त्याच संघांत प्रवेश मिळावा व सबंध आयुष्य देवाच्या सेवेस वाहावें, एवढेंच त्यास हवें होतें. परंतु ती इच्छा सफळ झाली नाहीं. पूर्वेकडील प्रदेशांत काम करणारे युरोपीय धर्मसंघ त्या काळीं हिंदी रक्ताच्या उमेदवारांस आंत घेण्यास बहुधा नाखूष असत. पहिल्यानें आश्वासन, मग वाट पाहणें आणि अखेर निराशा, असा त्याचा अनुभव झाला. विद्यार्थी मित्रहो, या प्रसंगीं क्षणभर थांबा. आठ वर्षें इमानानें सेवा केलेल्या, सद्वर्तनी, भाषाकोविद अशा तरुणास दार बंद झालें. माणसाच्या गुणांचें चीज सर्वदा माणसांकडून होतेंच असें नाहीं, हें कटु सत्य त्यास ऐन पंचविशीच्या आंतबाहेर कळलें. असल्या वेळीं कोणी कडवट बनतो, कोणी धर्मालाच पाठमोरा होतो. गोन्सालोनें यांपैकीं कांहीं केलें नाहीं. तो संघाचें घर सोडून व्यापारास लागला.

व्यापारांतही त्यानें यश मिळविलें. जपान आणि आग्नेय आशियांतील बंदरें यांच्या दरम्यान त्याची ये-जा सुरू झाली. दोन्हीकडच्या भाषा येणारा, शब्दाचा पक्का आणि लोकांच्या विश्वासांतला व्यापारी मागें राहणें शक्यच नव्हतें. थोड्याच वर्षांत त्याच्या हातीं पैसा खेळूं लागला. जगाच्या दृष्टीनें आतां त्यास काय उणें होतें? परंतु मनांतील पहिली तळमळ विझली नव्हती. येथें विचारी वाचकानें एक गोष्ट पाहावी. दार बंद झाल्यावरही ती इच्छा मनांत जिवंत राहिली, ती कोणाच्या बळानें? मनुष्याच्या नुसत्या हट्टानें म्हणावें, तर पैशाच्या उबेंत हट्ट लवकर वितळतात. ओरांजच्या धर्मसभेनें जें सांगितलें होतें कीं, देवाकडे वळण्याची इच्छा हीच मुळीं देवाची देणगी, त्याचा प्रत्यय अशा ठिकाणीं येतो.

व्यापारानिमित्त तो फिलिपाइन बेटांतील मनिला शहरीं जात असे. हें शहर १५७१ पासून तेथील स्पॅनिश राज्याची राजधानी होतें. तेथें फ्रान्सिस्कन संघाचे बंधु अत्यंत दरिद्री वेषांत राहून महारोग्यांची सेवा करीत. तें पाहून गोन्सालोचें अंतःकरण हललें. पूर्वीं तो विद्वानांच्या संघांत जाऊं पाहत होता. आतां त्यानें भिक्षुकांच्या दाराशीं उभें राहण्याचें ठरविलें. आपला व्यापार आवरून तो फ्रान्सिस्कन संघांत दाखल झाला आणि १५८८ मध्यें त्यानें दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन हीं तीन व्रतें घेतलीं. येथून पुढें त्यांस आपण ब्रदर गोन्सालो म्हणूं. ते धर्मगुरू झाले नाहींत. वेदीवर मिस्सा अर्पण करण्याचा किंवा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यांस कधींच नव्हता. ते संघांतले एक साधे सेवक बंधु होते आणि अखेरपर्यंत तसेच राहिले.

त्यांचे पूर्वींचे गुण या नव्या जीवनांत वायां गेले काय? मुळींच नाहीं. आपल्या भागांतील ज्या मुलांचे वडील भोसरी-चाकणकडील कारखान्यांत काम करतात, त्यांना तापलेल्या लोखंडाची गोष्ट सांगावयास नको. थंड लोखंडावर कितीही घण घातले तरी त्याला हवा तो आकार येत नाहीं. भट्टींत घातल्यावर तें लाल होतें, मऊ होतें, अग्नीचा गुण त्याच्या अंगीं संचरतो. तरी तें लोखंडच राहतें. ती उष्णता लोखंडाची स्वतःची नव्हे, हें खरें. तथापि जी वस्तु घडते ती लोखंडाचीच घडते. कृपेचें आणि मानवी सद्गुणांचें नातें असेंच आहे. ब्रदर गोन्सालो यांची जपानी भाषा, व्यापारांत शिकलेला व्यवहार, दर्यावर्दी जीवनानें अंगीं बाणलेलें धैर्य, यांपैकीं कांहींही देवानें फेंकून दिलें नाहीं. तें सर्व त्यानें भट्टींत घातलें आणि दुसऱ्याच कामासाठीं घडविलें.

तें काम लौकरच पुढें आलें. जपानचा सर्वसत्ताधारी तोयोतोमी हिदेयोशी यानें १५८७ मध्यें मिशनऱ्यांना देश सोडून जाण्याचा हुकूम काढला होता. पण त्याची अंमलबजावणी ढिली होती. पुढें त्यानें फिलिपाइन बेटांच्या स्पॅनिश गव्हर्नराकडे आपली अधिसत्ता मान्य करण्याची मागणी केली. तेव्हां तंटा मिटविण्यासाठीं गव्हर्नरानें १५९३ मध्यें फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांस वकील म्हणून जपानास पाठविलें, आणि त्यांचे दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो यांची निवड झाली. ज्या देशांत आपली इच्छा अपुरी राहिली त्याच देशांत ते परत आले, तेही राजदरबारांत बोलणी करण्यासाठीं. दुभाष्याचें काम वरवर सोपें दिसतें. परंतु एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूस कमीजास्त न करतां पोंचविण्यास मोठी सचोटी आणि निर्भयता लागते, विशेषतः ऐकणारा हिदेयोशीसारखा लहरी व जबरदस्त पुरुष असतां. या वकिलातीमुळें फ्रान्सिस्कनांना क्योतो राजधानींत राहण्यास परवानगी मिळाली. तेथें त्यांनीं एक चर्च आणि महारोग्यांसाठीं रुग्णालयें उभारलीं. ज्यांना समाजानें गांवाबाहेर टाकलें होतें त्यांच्या जखमा धुण्याचें काम हे बंधु स्वतःच्या हातांनीं करीत.

तीन वर्षें ठीक गेलीं. परंतु १५९६ च्या आक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें एक मोठें स्पॅनिश गलबत मालासह तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागून फुटलें. जपानी अधिकाऱ्यांनीं माल जप्त केला. त्या प्रकरणीं गलबताच्या सुकाणूवाल्यानें स्पेनच्या साम्राज्याविषयीं बढाई मारली आणि आधीं मिशनरी जातात व मागून सैन्य येतें, असा अर्थ त्यांतून निघाला, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. नेमकें काय घडलें याविषयीं स्पॅनिश व पोर्तुगीज पक्षांचें त्या वेळींच एकमत नव्हतें. तथापि परकीय राज्यतृष्णेविषयीं हिदेयोशीस वाटणारा संशय अगदींच निराधार होता असेंही इतिहासकार म्हणणार नाहीं. राजांच्या महत्त्वाकांक्षेचें प्रायश्चित्त मात्र महारोग्यांच्या सेवकांना घ्यावें लागलें. डिसेंबर १५९६ मध्यें क्योतो व ओसाका येथील संघगृहांवर पहारे बसले आणि धरपकड झाली.

पकडलेल्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघी व बाकीचे जपानी प्रापंचिक ख्रिस्ती होते. येशूसंघी मंडळींत पॉल मिकी हे प्रसिद्ध वक्ते होते. आरंभीं या सर्वांची संख्या चोवीस होती. क्योतो येथें प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला आणि गाड्यांवर घालून त्यांची क्योतो, ओसाका व साकाई शहरांतून धिंड काढण्यांत आली. नंतर ऐन हिंवाळ्यांत, जानेवारी १५९७ मध्यें, नागासाकीकडे प्रवास सुरू झाला. सुमारें ८०० किलोमीटरांचा, जवळजवळ महिनाभराचा तो प्रवास बहुतेक पायींच झाला. वाटेंत कैद्यांची सेवा करीत मागोमाग चाललेल्या दोघां जपानी ख्रिस्ती गृहस्थांनाही पहारेकऱ्यांनीं त्यांच्यांतच सामील केलें. त्यांतला एक सुतार होता. अशा रीतीनें सव्वीस संख्या पुरी झाली. आणखी एक गोष्ट परंपरा सांगते. पकडण्याच्या वेळीं शिपायांनीं यादींतील माथियस नांवाच्या स्वयंपाक्यास हांक मारिली. तो बाहेर गेला होता. तेव्हां शेजारचा त्याच नांवाचा दुसरा एक ख्रिस्ती मनुष्य पुढें झाला आणि आपलेंही नांव माथियसच आहे असें म्हणून स्वाधीन झाला.

या मंडळींत तीन मुलगे होते, हें आपल्या शाळेंतील विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत घ्यावें. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा आणि तोमास कोझाकी चौदा वर्षांचा. अंतोनियोचा बाप चिनी आणि आई जपानी होती. म्हणजे गोन्सालोप्रमाणें तोही दोन वंशांचा मुलगा होता. वधाची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यास लहानग्या लुईसची दया आली आणि धर्म सोडल्यास सुटका करण्याचें त्यानें सांगून पाहिलें. परंतु मुलानें तें मानलें नाहीं.

ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेंकडीवर सव्वीस क्रूस ओळीनें उभे करण्यांत आले. जपानी रीतीप्रमाणें कैद्यांस लोखंडी कड्यांनीं व दोरांनीं क्रूसास जखडून दोन्ही बाजूंनीं भाल्यांनीं भोंसकण्यांत आलें. टेंकडीखालीं ख्रिस्ती लोकांचा मोठा समुदाय प्रार्थना करीत उभा होता. वसईच्या ब्रदर गोन्सालो यांचें वय त्या वेळीं सुमारें चाळीस वर्षांचें होतें. ज्यांस एके काळीं धर्मसंघाच्या दाराबाहेर राहावें लागलें, ते त्या दिवशीं येशूसंघी पॉल मिकी यांच्याच ओळींत, त्याच मरणानें देवाघरीं गेले.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल कीं, हा निव्वळ मानवी धैर्याचा प्रभाव होय. शूर शिपाईही असेंच मरण पत्करतात. यावर इतिहासच एक उत्तर देतो. पुढें १६१४ नंतर तोकुगावा सत्तेनें ख्रिस्ती लोकांचा फार भयंकर छळ केला. त्या छळांत १६३३ मध्यें क्रिस्तोव्हाव फेरैरा नांवाचे येशूसंघाचे प्रमुख धर्मगुरू पकडले गेले. ते मोठे विद्वान्, निष्ठावंत आणि वीस वर्षांहून अधिक काळ जपानांत संकटें सोशीत राहिलेले होते. त्यांना खड्ड्यांत उलटें टांगण्यांत आलें आणि कांहीं तासांत त्यांचा धीर सुटला; त्यांनीं धर्म सोडला. इकडे बारा वर्षांचा मुलगा टिकला आणि तिकडे जन्मभर व्रतस्थ राहिलेला पुरुष कोसळला. यावरून फेरैरांचा धिक्कार करण्याचा अधिकार आपणांस येत नाहीं. तसल्या यातना आपण भोगलेल्या नाहींत. परंतु एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. धैर्याचा साठा करून ठेवतां येत नाहीं. अखेरपर्यंत टिकून राहणें ही देवाची खास देणगी आहे, आणि ती आपणांस मिळणारच असें कोणीही छातीवर हात ठेवून म्हणूं नये, असें त्रेंतच्या परिषदेनें शिकविलें, तें याचसाठीं. ती देणगी मागावी, तिची आशा धरावी. पण तिच्यावर हक्क सांगूं नये.

पोप आठवे अर्बन यांनीं या सव्वीस हुतात्म्यांना १६२७ मध्यें धन्य म्हणून जाहीर केलें, आणि ता. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं रोममध्यें त्यांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्या व्यक्तींत संतपदास पोंचलेले पहिले पुरुष हेच. त्यानंतर तीनच वर्षांनीं एक अद्भुत घटना घडली. नागासाकी येथील ओउरा भागांत या हुतात्म्यांच्या नांवें एक चर्च बांधण्यांत आलें होतें. मार्च १८६५ मध्यें जवळच्या उराकामी गांवचे कांहीं जपानी शेतकरी तेथें गुपचूप आले आणि आपलीही श्रद्धा तीच आहे असें त्यांनीं फ्रेंच धर्मगुरूंस सांगितलें. दोनशें वर्षांहून अधिक काळ, धर्मगुरूंवांचून, चर्चवांचून, पकडले गेल्यास मरणाची भीति असतां, त्यांच्या घराण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मा आणि प्रार्थना जतन करून ठेविल्या होत्या. निशिझाका टेंकडीवर पेरलेलें बीं असें जमिनीखालीं जिवंत राहिलें होतें. जपानांतील ख्रिस्ती धर्मावरील बंदी १८७३ मध्यें उठली. त्या टेंकडीवर १९६२ मध्यें, संतपदाच्या शतसांवत्सरिक वर्षीं, सव्वीस मूर्तींचें स्मारक उभें राहिलें.

आपल्या वसई भागांतही ही स्मृति ताजी आहे. गास येथील चर्च आणि वसईचें महाविद्यालय संत गोन्सालो गार्सिया यांचें नांव धारण करतात, आणि तेथील मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक फेब्रुवारींत त्यांचा सण पाळतात. १९९८ मध्यें वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ज्याचा बाप शिपाई व आई कोंकणची स्त्री, ज्यास धर्मगुरूपद लाभलें नाहीं, ज्यानें एकही ग्रंथ मागें ठेविला नाहीं, त्याचें नांव सव्वाचारशें वर्षें लोटल्यावरही दोन देश आदरानें घेतात.

आतां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर या चरित्रांतून काय मिळतें तें पाहूं. संत गोन्सालो वानरीच्या पिलासारखे केवळ स्वतःच्या पकडीवर तरले नाहींत. पकडीचा भरंवसा किती, हें फेरैरांच्या कथेनें दाखविलें. आणि मांजरीच्या पिलासारखे ते निश्चळही राहिले नाहींत. भाषा शिकले, शिकविलें, व्यापार केला, तो सोडला, जखमा धुतल्या, पायीं चालले. देवानें बोलाविलें आणि त्यांनीं ओ दिली. बोलावणें देवाचें होतें, ओ त्यांची होती. आणि ओ देण्याचें बळ पुन्हां देवाचेंच होतें. कॅथलिक शिकवणुकीचें सार एवढेंच आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कित्येकांस पुढें कोठें ना कोठें बंद दार भेटेल. हव्या त्या महाविद्यालयांत जागा मिळणार नाहीं, पात्रता असून नोकरी हुकेल, कधीं जन्मामुळें वा गरिबीमुळें कोणी खालीं लेखील. त्या वेळीं असें समजूं नका कीं, केलेले कष्ट पाण्यांत गेले. गोन्सालोनें जपानी भाषा शिकली तेव्हां ती दरबारांत आणि मरणाच्या वाटेवर कामीं येईल हें त्यास कोठें ठाऊक होतें? अन्याय झाल्यास त्यास अन्याय म्हणावें, तो दूर करण्यासाठीं झटावें. परंतु मन कडवट होऊं देऊं नये. उलट यश मिळालें असतां तें सर्वस्वीं माझ्याच हुशारीचें, अशी फुशारकीही मारूं नये. आईबापांचे कष्ट, शिक्षकांची कळकळ, समाजाचें ऋण आणि या सर्वांमागें परमेश्वराची दया यांची आठवण ठेवावी. कृतज्ञतेनें माणूस नम्र होतो, आणि नम्र माणसाच्याच अंगीं सद्गुण टिकून राहतात.

पालकांसही नम्र विनंती आहे. मुलांना कष्टाची संवय लावावी, सचोटी शिकवावी. त्याशिवाय घडण्याजोगें लोखंडच हातीं येणार नाहीं. परंतु गुणपत्रिकेवरील आंकड्यांवरून मुलाची सारी किंमत ठरवूं नये. एखाद्या मुलाच्या मनांत देवानें काय पेरलें आहे आणि तें कोणत्या वर्षीं, कोणत्या देशांत उगवेल, हें वसईच्या त्या शिपायालाही कळलें नव्हतें.

संत गोन्सालो गार्सिया यांच्या उदाहरणानें आपणां सर्वांस मनापासून झटण्याची बुद्धि होवो, आणि झटतांना देवापुढें हात पसरण्याची लाज न वाटो, हीच परमेश्वराचरणीं प्रार्थना.